दगडाला विचारत जाणारी विहीर

नॉर्थ डकोटा या अमेरिकी राज्याच्या पश्चिम भागात, गव्हाच्या शेतांखाली सुमारे दहा हजार फुटांवर ‘बाकन’ नावाचा खडक पसरलेला आहे. टायोगा गावाजवळच्या हेन्री बाकन या शेतकऱ्याच्या जमिनीवर एक विहीर खणली गेली होती, तिच्यावरून १९५३ साली या थराला हे नाव पडलं. या खडकाचे तीन मजले आहेत. वरचा आणि खालचा मजला काळ्या शेलचा, सेंद्रिय द्रव्याने गच्च भरलेला. मधला मजला करड्या रंगाचा, बारीक वाळू, गाळ आणि डोलोमाइट यांच्या मिश्रणाचा. तेल तयार झालं ते काळ्या मजल्यांत, साचलं ते मधल्यात. म्हणून सगळं जग ज्याला शेल ऑइल म्हणतं, त्या तेलासाठी इथे विहीर खणणाऱ्यांची सारी धडपड शेलच्या बाहेर राहण्याची असते. वरच्या-खालच्या काळ्या शेलमध्ये बिट, म्हणजे खडक कापणारं टोक, शिरलं, तर भोकाची भिंत ढासळते, पाइप अडकतो आणि कधी कधी मागे येऊन नवी वाट फोडावी लागते.

मधला मजला जिथे सर्वांत जाड, तिथेही शंभर फुटांच्या आतच. त्यातला चांगला, तेल देणारा पट्टा बऱ्याचदा दहा-पंधरा फुटांचा. त्या पट्ट्यात सहा इंच व्यासाचं भोक आडवं दोन मैल न्यायचं असतं. दोन मैल का, तर इथल्या जमिनीची वाटणी एकेक मैलाच्या चौकोनांत झालेली आहे, आणि असे दोन चौकोन जोडून १२८० एकरांचा एक गट केला जातो. विहीर एका टोकाला सुरू होते आणि दुसऱ्या टोकाच्या हद्दीआधी थांबते.

बाकनमध्ये तेल आहे, हे १९५०च्या दशकापासून माहीत होतं. पण खडक इतका घट्ट, की उभ्या विहिरीला त्यातून फारसं काही मिळत नसे. उभी विहीर हा थर काही फुटांत ओलांडून जाते, आडवी विहीर त्याच थरात दहा हजार फूट राहते. २००० नंतर माँटानातल्या एल्म कूली आणि २००६ नंतर नॉर्थ डकोटातल्या पार्शल क्षेत्रात आडव्या विहिरी आणि पाण्याच्या दाबाने खडक फोडण्याचं तंत्र यांची जोडी जमली. २००५ साली या राज्याचं उत्पादन रोज एक लाख बॅरलच्याही आत होतं, २०१४ मध्ये ते दहा लाखांवर गेलं. या भरभराटीचं श्रेय बहुतेक वेळा खडक फोडण्याच्या तंत्राला दिलं जातं. माझ्या मते त्याच्याइतकंच, किंबहुना काकणभर जास्तच, श्रेय विहीर योग्य जागी नेणाऱ्यांचं आहे. भलत्या थरात नेलेली विहीर कितीही फोडली, तरी तेल देत नाही.

विहीर हवी तिथे नेण्याआधी ती जाते कुठे, हे कळावं लागतं. ती सरळ खाली जाते, हा समज तेलधंद्यात बरीच वर्षं टिकून होता. १९२० च्या दशकात ओक्लाहोमातल्या सेमिनोल क्षेत्रात मोजमाप सुरू झालं, तेव्हा उभ्या समजल्या गेलेल्या विहिरी चांगल्याच तिरक्या निघाल्या. मोजण्याचं साधन फार साधं होतं. काचेच्या बाटलीत थोडं हायड्रोफ्लोरिक आम्ल भरून ती विहिरीत सोडायची आणि काही वेळ खाली स्थिर ठेवायची. हे आम्ल काच खातं. बाटली वर काढली, की आम्लाच्या पातळीची रेघ काचेवर कोरलेली दिसे. रेघ आडवी असेल तर विहीर उभी, रेघ तिरकी असेल तर विहीर तितकीच तिरकी. विहीर किती कलली, हे त्यातून कळे. कुठल्या दिशेला कलली, ते मात्र कळत नसे.

पुढे विहीर मुद्दाम वळवता येऊ लागली. टेक्सासमधल्या कॉनरो इथे पेटून उसळलेली एक विहीर १९३४ साली जॉन ईस्टमन यांनी शेजारून तिरकी विहीर नेऊन आटोक्यात आणली, तेव्हा या विद्येची ताकद सर्वांना दिसली. तिचा गैरवापरही झाला. ईस्ट टेक्सासमध्ये १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला तपास झाला, तेव्हा तीनशेहून जास्त विहिरी शेजाऱ्याच्या जमिनीखाली तिरक्या नेऊन तेल चोरत असल्याचं उघड झालं. आपल्याकडेही ही विद्या आली. १९७४ मध्ये ‘सागर सम्राट’ या खोदकामाच्या रिगने मुंबई हायचं तेल शोधलं, आणि तिथल्या चुनखडकात पुढे ओएनजीसीने आडव्या विहिरीही घेतल्या.

बाकनमधली विहीर आधी उभी खाली जाते. मग तेलथराच्या वर पाचशे-सहाशे फुटांवरून तिला वळण द्यायला सुरुवात होते. दर शंभर फुटांमागे दहा अंश वळवलं, तर नऊशे फुटांत विहीर आडवी होते. या वळणाची त्रिज्या ५७३ फूट भरते. एवढ्याशा जागेत पोलादी पाइप वळतो कसा? पाइपची जाडी चार इंच धरली आणि लांबी वीस हजार फूट, तर लांबी जाडीच्या साठ हजार पट होते. त्याच प्रमाणात डोक्यावरचा केस घेतला, तर तो चार मीटरहून लांब असेल. वरच्या टोकाला धरून असा केस हवा तिथे ढकलायचा आणि फिरवायचा, असं हे काम आहे.

वळवण्याचं काम बिटच्या मागे बसवलेली मड मोटर करते. रिगवरून पाइपातून जो मड, म्हणजे जड द्रव, दाबाने खाली सोडलेला असतो, तोच या मोटरमधून जाताना तिचा मळसूत्री दांडा फिरवतो. ही रचना रने मोइनो या फ्रेंच अभियंत्याने १९३० च्या सुमारास शोधली होती. मोटरच्या कवचाला दीड-दोन अंशांचा बाक दिलेला असतो. वरून सगळा पाइप फिरवला, तर बाकही फिरत राहतो आणि भोक साधारण सरळ जातं. पाइप थांबवून नुसती मोटर चालू ठेवली, तर बाक ज्या बाजूला असेल त्या बाजूला विहीर वळते. याला रिगवर ‘स्लाइड’ म्हणतात. बोलायला सोपं, करायला अवघड. बिट खडकात चावलं, की त्याच्या उलट पिळाने सगळा पाइप पिरगळतो आणि बाकाची दिशा बदलते. पाइप स्थिर असल्यामुळे तो भोकाच्या तळाला चिकटून घसटतो, वरून दिलेलं वजन बिटपर्यंत पोहोचत नाही, आणि साचलेलं वजन एकदम पुढे सुटलं तर मोटर बंद पडते. अनुभवी डायरेक्शनल ड्रिलर पिळाचा हिशेब आधीच धरतो आणि पाइपला वरून डावीकडे-उजवीकडे हेलकावे देत घसट कमी करतो.

खाली काय चाललंय, हे वर कळतं ते मडमधूनच. बिटच्या मागे काही अंतरावर कल आणि दिशा मोजणारी उपकरणं असतात. एक झडप मडचा प्रवाह किंचित अडवते आणि सोडते. दाबाचे ते ठोके पाइपातल्या द्रवातून वर येतात, आणि रिगवरचा दाबमापक त्यांचे आकडे करतो. सेकंदाला माहितीचे मोजकेच संगणकी बिट या वाटेने येतात. हातातल्या मोबाइलवर चित्रपट बघणाऱ्या आपल्यासारख्यांना हा वेग अविश्वसनीय वाटेल, पण सगळी विहीर या ठोक्यांवर चालते.

आता हिशेब करू. कल मोजण्यात एक दशांश अंशाची चूक सतत राहिली, तर दहा हजार फुटांत उंचीचा फरक सतरा फूट पडतो. उपकरणं ज्या जड नळ्यांत बसवलेली असतात, त्या स्वतःच्या वजनाने भोकात किंचित झोल घेतात. त्या झोलामुळे ०.२ अंशांची चूक झाली आणि ती दुरुस्त केली नाही, तर पस्तीस फूट. म्हणजे उपकरणाची स्वतःची चूकच पट्ट्याच्या जाडीपेक्षा मोठी ठरू शकते. दिशेचं गणित आणखी नाजूक. दिशा पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रावरून काढतात, म्हणून उपकरणाभोवतीच्या नळ्या अचुंबकी पोलादाच्या घ्याव्या लागतात. दिशेत एका अंशाची चूक झाली, तर दहा हजार फुटांच्या टोकाला १७५ फूट. शेजारची विहीर काही शेकडा फुटांवर असेल, तर ही चूक परवडत नाही. सौर वादळाने चुंबकीय क्षेत्र हलतं, तेव्हा उत्तरेकडच्या विहिरींची दिशाही हलते. अलास्काच्या उत्तर किनाऱ्यावर डेडहॉर्स इथे अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्याने २०१० पासून चुंबकीय वेधशाळा चालवली आहे, त्यामागे हेही एक कारण आहे. आराखडा करणारे अभियंते विहिरीचं स्थान एका बिंदूने दाखवतच नाहीत. पुढे जाईल तसा मोठा होत जाणारा एक लंबगोल काढतात, आणि विहीर त्याच्या आत कुठेतरी आहे असं मानून काम करतात.

मग दहा फुटांचा पट्टा सांभाळला जातो तो कशाच्या जोरावर? या कामात मला सर्वांत मोलाचं वाटतं ते इथेच आहे. विहिरीची अचूकता उपकरणाच्या आकड्यातून येत नाही, ती खडकाच्या उत्तरातून येते. काळ्या शेलमध्ये युरेनियमचा अंश जास्त असतो, त्यामुळे तिथे गॅमा किरणांची नोंद एकदम उसळते. मधल्या मजल्यात ती कमी असते, आणि त्यातही बारीक बारीक पदरांत थोडी वर, थोडी खाली जाते. जवळच्या एखाद्या उभ्या विहिरीत या पदरांचा गॅमा आलेख आधीच काढलेला असतो. जिओस्टिअरिंग, म्हणजे खडकावरून विहिरीची वाट ठरवण्याचं काम, करणारा भूवैज्ञानिक तो आलेख पडद्यावर एका बाजूला लावतो आणि चालू विहिरीची गॅमा रेघ त्याच्याशी पडताळत राहतो.

हे काम जवळून बघण्यासारखं आहे. समजा, कल ९०.२ अंश आहे, म्हणजे विहीर किंचित वर चढते आहे. गॅमा आधी हळूहळू वाढला, एका टोकाला पोहोचला, आणि आता त्याच आकाराने, पण उलट क्रमाने उतरतो आहे. आरशातल्या प्रतिबिंबासारखी ही रेघ दिसली, की भूवैज्ञानिक थांबतो. बिट ज्या पदरातून वर गेलं होतं, त्याच पदरातून पुन्हा खाली येत असेल, तरच रेघ अशी उलटते. पण कलाचा आकडा तर वर चढतोय असं सांगतो. याचा एकच मेळ बसतो: थर स्वतः विहिरीपेक्षा जास्त वेगाने वर उचललेला आहे. थराचा उतार अर्ध्या अंशाने बदलला, तर पाच हजार फुटांत सुमारे चव्वेचाळीस फुटांचा फरक पडतो. भूवैज्ञानिक पडद्यावरचा थर तेवढा तिरका करतो. रेघा जुळल्या, तर नवा कल सांगतो. त्याच वेळी मडमधून वर येणारा खडकाचा चुरा भिंगाखाली बघितला जातो, त्यावर आम्लाचे थेंब टाकले जातात. चुनखडक फसफसतो, डोलोमाइट सावकाश बुडबुडे सोडतो. हा चुरा इतक्या लांबून वर यायला तासाभराचा वेळ लागू शकतो, म्हणून तो जुनी बातमी आणतो. गॅमाची बातमीही थोडी जुनीच असते. मापक बिटच्या पन्नास फूट मागे असेल आणि खोदाई ताशी दीडशे फुटांनी चालू असेल, तर जी जागा आता पडद्यावर दिसते, तिथून बिट वीस मिनिटांपूर्वी पुढे गेलेलं असतं.

म्हणूनच या कामात संयमाला फार किंमत आहे. प्रत्येक उसळीला उत्तर देत बसलं, की भोक नागमोडी होतं. नागमोडी भोकात पाइपची घसट वाढते आणि शेवटच्या दोन-तीन हजार फुटांत बिटवर वजनच चढत नाही. नंतर केसिंग, म्हणजे भोकात बसवायचे पोलादी नळ, उतरवताना तीच वळणं पुन्हा आडवी येतात. कागदावर पट्ट्यात शंभर टक्के राहिलेली विहीर यामुळे वाईट ठरू शकते. खरा कुशल भूवैज्ञानिक थोडा वेळ पट्ट्याच्या कडेला राहणं पत्करतो आणि मोठ्या त्रिज्येने परत येतो. बिटच्या मागूनच, पाइप न थांबवता वळवणारी रोटरी स्टिअरेबल यंत्रं आल्यापासून भोकं जास्त गुळगुळीत होऊ लागली आहेत, पण कधी वळायचं हा निर्णय अजूनही पडद्यासमोरच्या माणसाचाच आहे.

हे कौतुक मनापासून करताना एक गोष्ट सलते. जमिनीखाली फुटाफुटाचा हिशेब ठेवणाऱ्या या धंद्याने जमिनीवर तेवढी काळजी घेतली नाही. पाइपलाइन पुरेशा नव्हत्या म्हणून २०११ च्या सुमारास नॉर्थ डकोटातल्या तेलाबरोबर येणाऱ्या वायूपैकी जवळपास एक तृतीयांश वायू जाळून टाकला जात होता. बाकनचं तेल वाहून नेणारी मालगाडी जुलै २०१३ मध्ये कॅनडातल्या लाक-मेगांतिक गावात उलटून पेटली आणि ४७ माणसं गेली. बाकनमधल्या विहिरी पहिल्या वर्षात भरभरून देतात आणि मग झपाट्याने आटतात, त्यामुळे उत्पादन टिकवायचं तर खोदाई थांबवून चालत नाही. भूगर्भातल्या थरांबाबत दाखवलेली कळकळ वरच्या शेतांबाबत, गावांबाबत दाखवायला काय हरकत होती, हा प्रश्न विचारलाच पाहिजे. नॉर्थ डकोटातल्याच साकाकाविया तलावाच्या पाण्याला हात न लावता काठावरून त्याच्या खाली विहिरी नेता आल्या, हेही याच विद्येने शक्य केलं आहे, म्हणजे मनात आणलं तर जमीन वाचवण्याचं साधनही तीच आहे.

आता तीन मैलांच्या आडव्या विहिरी नित्याच्या झाल्या आहेत आणि चार मैलांच्याही निघू लागल्या आहेत. लांबी दुप्पट झाली, की कोनातल्या त्याच चुकीचं अंतरही दुप्पट होतं. टेक्सासच्या पर्मियन खोऱ्यात लव्हिंग काउंटीमध्ये शेल कंपनीने २०१९ साली वेगळाच मार्ग काढला. हातातली जमीन मैलभरच लांब होती, म्हणून विहीर मैलभर आडवी नेऊन घोड्याच्या नालासारखी वळवली आणि शेजारून समांतर परत आणली. अशा विहिरीत परतीच्या वाटेवर थराचा उतार उलटा होतो. जाताना जो थर खाली उतरत होता, तोच येताना वर चढतो. त्यामुळे नालाचं वळण सुटल्यापासून भूवैज्ञानिकाला उताराचं चिन्ह बदलून गॅमाच्या सगळ्या रेघा नव्याने जुळवाव्या लागतात.