लिथियमचे घट आणि गोठलेला द्रव

आपल्या हातांतल्या फोनमध्यें जो विजेचा घट असतो, त्याच्यावर पुष्कळदां 'लिथियम पॉलिमर' असे शब्द छापलेले आढळतात. पॉलिमर म्हणजे लहान लहान रेणु साखळीच्या कड्यांप्रमाणें हजारोंनीं जोडले जाऊन झालेला पदार्थ; रबर, प्लॅस्टिक हीं त्याचींच रूपें. तेव्हां ह्या घटाच्या पोटांत प्लॅस्टिक आहे, द्रव नाहीं, आणि म्हणून तो पेटण्याची भीति नाहीं, असा कोणाचा ग्रह झाला तर तो साहजिक म्हणावा लागेल. पण तो खरा नाहीं.

लिथियमच्या घटांत लिथियमचे विद्युत्भारित कण, म्हणजे आयन, चार्ज करतांना एका अग्राकडून दुसऱ्या अग्राकडे जातात आणि घट वापरतांना परत येतात. ह्या येरझारांसाठीं मध्यें जें माध्यम लागतें त्याला विद्युत्-विच्छेद्य म्हणतात. १९९१ सालीं जपानच्या सोनी कंपनीनें हे घट बाजारांत आणले, तेव्हांपासून हें माध्यम बहुधा द्रवच राहिलें आहे: सेंद्रिय द्रावकांत विरघळविलेला लिथियमचा क्षार. पाणी तेथें चालत नाहीं, कारण घटाच्या सुमारें चार व्होल्टांच्या दाबाला तें टिकत नाहीं. सेंद्रिय द्रावक टिकतात, पण ते पेट घेतात. जानेवारी २०१३ मध्यें बोस्टनच्या विमानतळावर उभ्या असलेल्या बोइंग ७८७ विमानांतील लिथियमचा घट पेटला, थोड्याच दिवसांत जपानमध्यें दुसऱ्या एका विमानांतही घट बिघडला, आणि त्या जातीचीं सर्व विमानें कांहीं महिने जमिनीवर खिळून राहिलीं.

मग द्रव काढूनच टाकला तर? १९७३ सालीं इंग्लंडांतील पीटर राइट व त्यांचे सहकारी ह्यांना आढळलें कीं, पॉलिएथिलीन ऑक्साइड नांवाच्या पॉलिमरांत क्षार मिसळला असतां त्या घन पदार्थांतूनही आयन वाहतात. त्याच दशकाच्या अखेरीस फ्रान्सच्या मिशेल आर्मां ह्यांनीं त्याचा घटांत उपयोग सुचविला. ह्या पॉलिमरच्या साखळ्या वळवळत असतात, आणि त्यांवरील ऑक्सिजनच्या एका अणूनें धरलेला लिथियम त्या वळवळींत दुसऱ्याच्या हातीं जातो. पण सुमारें साठ अंशांखालीं साखळ्या एकमेकींशेजारीं नीट रचल्या जाऊन ताठतात, आणि मग वाहकता द्रवाच्या सहस्रांशाहूनही खालीं उतरते. पॅरिसमध्यें २०११ ते २०१८ ह्या काळांत 'ऑटोलिब' नांवानें भाड्यानें मिळणाऱ्या मोटारींत असे घट होते. ते सदैव ऊन ठेवावे लागत. हातांतल्या फोनला असली चैन परवडणारी नाहीं.

येथें दह्याकडे पाहावें. दुधांत ऐंशी टक्क्यांहून अधिक पाणी असतें. तरी विरजल्यावर भांडें कलतें केलें तर तें वाहत नाहीं. पाणी कोठें गेलेलें नसतें, प्रथिनांच्या जाळ्यांत अडकलेलें असतें. जेल म्हणतात तें हेंच. पॉलिमरची जाळी उभारावयाची आणि तिच्यांत क्षाराचा द्रव कोंडावयाचा. १९९४ च्या सुमारास अमेरिकेंतील बेलकोर ह्या दूरध्वनिसंशोधन संस्थेंत तारास्कों, गोझ्ज आदि शास्त्रज्ञांनीं फ्लोरिनयुक्त पॉलिमरच्या पातळ पडद्यांत आधीं एक तेलकट पदार्थ मिसळला, मग तो धुऊन काढला, आणि राहिलेल्या सूक्ष्म छिद्रांत द्रव मुरविला. अशा जेलांत लिथियम मुख्यतः द्रवांतूनच पोहत असल्यामुळें वाहकता मूळ द्रवाच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास टिकते, आणि व्यवहाराला ती पुरते.

परंतु दह्याला पाणी सुटतें, तसें जेललाही उष्णतेनें व दाबानें सुटतें. पॉलिमर वाढवावें तर जेल घट्ट होतें, पण आयन रेंगाळतात; द्रव वाढवावा तर आयन धांवतात, पण जाळी इतकी मऊ पडते कीं अग्रावर उगवणारे लिथियमचे सुईसारखे फाटे तिला अडवितां येत नाहींत. शिवाय कोंडला तरी द्रव तोच, आणि तो जळतोच. जेलमुळें गळती कमी होते. घट न जळणारा होत नाहीं. माझ्या मतें जेलची मोठी देणगी आकाराची आहे: पोलादी डब्याऐवजीं अॅल्युमिनियमच्या वर्खाची मऊ पिशवी पुरली, आणि घट पातळ झाला. पुढें तर निव्वळ द्रव भरलेल्या पिशव्यांनाही व्यापारी पॉलिमरच म्हणूं लागले! ही पिशवी फुगली तर आंत द्रवाचें विघटन होऊन वायु सांठला आहे असें समजावें. तो घट पुन्हां चार्ज करूं नये, टोंचूं तर मुळींच नये.

हल्लीं संशोधकांचा ओढा जेल घटांतच विरजण्याकडे आहे. पॉलिमर होऊं शकणारा पातळ द्रव क्षारासह घटांत ओतावयाचा, तो अग्रांच्या बारीक सांदींत शिरला कीं ऊब देऊन तेथेंच गोठवावयाचा. संपर्क उत्तम होतो. अडचण एवढीच कीं, न गोठलेला अंश मागें राहिला तर तो पुढें अग्रांशीं रासायनिक क्रिया करून घटाचें आयुष्य खातो, आणि बंद पिशवीच्या आंत शिरून तो धुऊन काढतां येत नाहीं.