वाहनतळावरची वीज
अमेरिकेतलं कम्युनिटी कॉलेज म्हणजे घराजवळचं, कमी फीचं, दोन वर्षांचं सरकारी महाविद्यालय. नोकरी सांभाळून वर्गात बसणारे विद्यार्थी इथे पुष्कळ. अशा ठिकाणी हवामानबदलाचं काम अंगावर घ्यायचं कुणी?

एका विभागाने नक्कीच नाही. २००७च्या सुमारास तिथल्या शेकडो महाविद्यालयांच्या अध्यक्षांनी सही केलेल्या हवामान-करारात क्रम स्पष्ट होता: दोन महिन्यांत जबाबदार यंत्रणा, वर्षभरात कार्बन उत्सर्जनाची मोजदाद, दोन वर्षांत कृती आराखडा. आधी माणसं नेमा, मग आकडे काढा. हा क्रमच मोलाचा, कारण सही करणारा अध्यक्ष बदलला तरी समिती मागे उरते.

प्रत्यक्ष कामाचं एक उदाहरण पाहा. उत्तर कॅलिफोर्नियातल्या ब्यूट कॉलेजने २००५पासून टप्प्याटप्प्याने सुमारे २५,००० सौर पॅनेल बसवली. काही जमिनीवर, काही छपरांवर, तर काही वाहनतळावर मांडवासारखी. खाली गाड्यांना सावली, वर वीज. २०११मध्ये, वापरापेक्षा जास्त वीज तयार करणारं अमेरिकेतलं पहिलं कॉलेज म्हणून त्याची नोंद झाली. शिवाय विद्यार्थ्यांसाठी कॉलेजच्या बस धावतात. जिथे बहुतेकजण घरून ये-जा करतात, तिथे प्रवासातला धूर इमारतींइतकाच गांभीर्याने मोजावा लागतो.

हवामानाचं संकट इथे दूरचं नाही. हे कॉलेज ज्या ब्यूट काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात आहे, तिथेच नोव्हेंबर २०१८मध्ये वणव्याने पॅरडाइज हे गाव जवळजवळ पूर्ण जाळलं. ८५ माणसं गेली.

आपल्या कॉलेजात सुरुवात करायची असेल, तर आधी एक जबाबदार माणूस नेमा आणि वर्षभराची वीजबिलं त्याच्या हाती द्या.