अंध भविष्यवेत्तीचे पुनर्लेखन

कॉमिक्सचा निष्ठावंत वाचक केवळ वाचून थांबत नाही. आवडत्या पात्राची कथा पटली नाही, ती अर्धवट राहिली असे वाटले किंवा त्या पात्रावर अन्याय झाला अशी खंत मनात राहिली, की तो स्वतःच वही उघडतो. मूळ पात्र घेऊन त्याचे बालपण, स्वभाव, नातेसंबंध, सामर्थ्य आणि मर्यादा नव्याने ठरवतो आणि त्याला आपण रचलेल्या जगात वावरायला लावतो. चाहत्याने स्वतःपुरते उभारलेले हे विश्व म्हणजेच 'फॅन युनिव्हर्स'. वरवर पाहता हा फावल्या वेळचा उद्योग. परंतु पात्र अंध आणि भविष्यवेत्ते असेल, तर हाच उद्योग लेखकाची चांगलीच परीक्षा पाहतो.

याचे उत्तम उदाहरण म्हणजे मार्व्हलच्या 'एक्स-मेन' मालिकेतील डेस्टिनी. लेखक ख्रिस क्लेअरमाँट आणि चित्रकार जॉन बर्न यांनी तिला १९८१ च्या जानेवारीच्या, म्हणजे १४१ व्या अंकात प्रथम आणले. तिचे खरे नाव आयरिन अ‍ॅडलर. शेरलॉक होम्सला चकवणाऱ्या कथानायिकेचेच नाव. वयाने प्रौढ, डोळ्यांनी अंध, चेहऱ्यावर डोळ्यांच्या खाचाही नसलेला सोनेरी मुखवटा. तिला भविष्यातील शक्यता दिसतात. नजीकच्या घटना स्पष्ट, दूरच्या धूसर. पुढच्या क्षणी काय घडणार हे आधी कळत असल्यामुळेच ती गर्दीत आणि लढाईतही सहज वावरू शकते.

मार्व्हलच्या जगात ती एकटी नाही. १९८० साली 'स्पायडरमॅन'च्या कथेत आलेली मादाम वेब, म्हणजे कॅसँड्रा वेब, जन्मांध आहे. स्नायू दुर्बळ करणाऱ्या आजारामुळे ती कोळ्याच्या जाळ्यासारख्या यंत्रासनाला खिळलेली असते. २००५ मध्ये जॉस व्हेडन आणि जॉन कॅसडे यांनी आणलेल्या ब्लाइंडफोल्ड या किशोरीला तर डोळेच नाहीत. अंध भविष्यवेत्त्याचा हा साचा कॉमिक्सपेक्षा कितीतरी जुना आहे. ग्रीक पुराणकथांतील टायरेसियसची दृष्टी गेली आणि भरपाई म्हणून त्याला भविष्यकथनाचे वरदान मिळाले. एक डोळा मिटला की दुसरा उघडतो, ही कल्पना तेव्हापासून चालत आली आहे.

पुनर्लेखन करणाऱ्याला पहिली ठेच याच कल्पनेपाशी लागते. अंधत्व ही दिव्यशक्तीची 'किंमत' मानली की ते केवळ प्रतीक उरते. अंध माणूस कपबशी कशी शोधतो, अनोळखी जिन्यावर पाऊल कसे टाकतो, बोलणाऱ्याच्या आवाजावरून काय ताडतो, ब्रेल किंवा पांढरी काठी कशी वापरतो, हे सारे कथेबाहेर राहते. त्यातच भविष्यदृष्टी डोळ्यांचे सगळे काम करू लागली, तर पात्र नावापुरतेच अंध उरते. १९६४ पासून डेअरडेव्हिलवरही हाच आक्षेप घेतला गेला आहे. त्याच्या तीक्ष्ण संवेदना दृष्टीची उणीव जवळजवळ भरून काढतात. म्हणूनच जाणता चाहता आधी मर्यादा आखतो. या बाईला भविष्य 'दिसते' की ऐकू येते? जन्मांध व्यक्तीच्या द्रष्टेपणात रंग आणि चेहरे कुठून येतील? ती पावलांचे आवाज, वास, स्पर्श, अजून उच्चारली न गेलेली वाक्ये यांतूनच भविष्य अनुभवत असेल, तर पात्र एकदम खरे वाटू लागते. तिच्या भाकितांतही मग एक स्वाभाविक संदिग्धता येते. किंकाळी कोणाची हे तिला कळेल, पण मारेकऱ्याच्या कोटाचा रंग सांगता येणार नाही.

दुसरी अडचण कथानकाची. सारे आधीच ठाऊक असलेले पात्र कथेतील उत्कंठा मारून टाकते. यावरचा उपाय क्लेअरमाँट यांनी पहिल्याच कथेत योजला होता. सिनेटर रॉबर्ट केली यांच्या हत्येच्या कटात डेस्टिनी स्वतः धनुष्य रोखून उभी राहते; परंतु भविष्यातून आलेली किटी प्राइड आडवी येते आणि नेम चुकतो. द्रष्टीची ओळख करून देणारी कथाच तिच्या अपयशाची आहे. अर्थ स्पष्ट आहे. तिला दिसते ती शक्यता, विधिलिखित नव्हे. चाहत्यानेही आपल्या विश्वात हाच नियम पाळणे हिताचे. तिला काय दिसते यापेक्षा काय दिसत नाही, हे आधी ठरलेले असावे.

तिसरा प्रश्न नैतिक आहे आणि खरे नाट्य तिथेच आहे. महाभारतात युद्धापूर्वी व्यास धृतराष्ट्राला दिव्यदृष्टी देऊ करतात. स्वकीयांचा संहार पाहण्याची इच्छा नाही, असे सांगून तो ती नाकारतो आणि ती संजयाकडे जाते. आयुष्यभर अंध राहिलेला राजा दृष्टी नाकारतो, कारण पाहणे म्हणजे साक्षीदार होणे. डेस्टिनीला मात्र नकाराची मुभाच नाही. १९८९ मध्ये, २५५ व्या अंकात तिचा मृत्यू होतो. तो तिला आधीच ठाऊक असतो, तरीही ती त्याला सामोरी जाते. आपला मृत्यू ठाऊक असलेली स्त्री सकाळी उठून चहा कसा करते, प्रिय व्यक्तीला काय सांगते आणि काय लपवते? पुनर्लेखन करायचे ते या प्रश्नांसाठी.

प्रिय व्यक्तीचा हा उल्लेख महत्त्वाचा आहे. डेस्टिनी आणि रूप पालटणारी मिस्टिक यांचे प्रेम क्लेअरमाँट यांना सुरुवातीपासून अभिप्रेत होते. परंतु त्या काळच्या 'कॉमिक्स कोड'च्या बंधनांमुळे ते उघडपणे मांडता आले नाही. नाइटक्रॉलर हा या दोघींचा मुलगा असावा, ही त्यांची कल्पनाही मागे पडली. चाहत्यांनी मात्र ओळींमधले वाचले आणि आपापल्या कथांतून हे नाते जिवंत ठेवले. २०२१ मध्ये जोनाथन हिकमन यांच्या 'इन्फर्नो'त डेस्टिनी पुन्हा जिवंत झाली आणि २०२३ मध्ये साय स्परियर यांच्या लेखणीतून नाइटक्रॉलरचे ते मातापितृत्वही अधिकृत ठरले. मूळ कथेत जे मावत नाही ते चाहत्यांच्या वहीत वर्षानुवर्षे टिकून राहते, याचा हा बोलका दाखला.

अर्थात, वहीलाही काही मर्यादा आहेत. ही पात्रे मार्व्हलच्या मालकीची आहेत आणि मार्व्हल २००९ पासून डिस्नेच्या. त्यांच्यावर पैसे कमावू नयेत, मूळ निर्मात्यांचे श्रेय डावलू नये, हे संकेत जाणते चाहते पाळतात. या लेखनाला आता प्रतिष्ठाही लाभली आहे. २००९ मध्ये खुल्या झालेल्या 'आर्काइव्ह ऑफ अवर ओन' या चाहतेसाहित्याच्या संग्रहाला २०१९ मध्ये विज्ञानकथाविश्वातील मानाचा ह्यूगो पुरस्कार मिळाला.

तरीही पुरस्कार हे या उद्योगाचे प्रयोजन नव्हे. डेस्टिनीला नव्याने लिहिणाऱ्याला अखेरीस एकच निर्णय घ्यावा लागतो: ही बाई इतरांच्या कथेत भाकिते पुरवणारी सोय आहे, की स्वतःच्या कथेतील माणूस? मुखवट्याला डोळ्यांच्या खाचा नाहीत, म्हणून त्यामागे चेहराच नाही असे ठरत नाही. तो चेहरा रेखाटता आला, तर ती वही कोणी वाचो न वाचो, कष्ट सार्थकी लागले असे म्हणता येईल.