प्रवाळाच्या वेषातला विंचू

तमिळनाडूच्या रामनाथपुरम जिल्ह्यातल्या सेतुकराईजवळ, मन्नारच्या आखातात, केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेचे संशोधक सागरी गवताची पाहणी करत होते. तिथे त्यांना मेलेल्या प्रवाळाचा पांढुरका तुकडा दिसला. डिवचल्यावर त्या तुकड्याने रंग बदलला, काही क्षणांत तो गडद, ठिपकेदार झाला आणि छातीवरच्या परांची आतली पिवळीजर्द बाजू उघडून दाखवू लागला. तो मासा होता.

संस्थेने २०२० मध्ये ही नोंद जाहीर केली. मासा होता स्कॉर्पिनॉप्सिस निग्लेक्टा, म्हणजे विंचू माशांपैकी एक. हेकेल या ऑस्ट्रियन मत्स्यशास्त्रज्ञाने १८३७ मध्येच त्याचं वर्णन केलं होतं; पण भारताच्या समुद्रात तो जिवंत सापडण्याची ही पहिलीच वेळ. वीतभराहूनही लहान असा हा मासा इतकी वर्षं नजरेतून निसटला, याचं नवल वाटायला नको. न दिसण्यावरच त्याचं पोट चालतं.

त्याच्या अंगावर कातडीच्या झालरी आणि उंचवटे असतात, त्यामुळे माशाची ठरावीक आकृती डोळ्यांना सापडतच नाही. उरलेलं काम रंगपेशी करतात. पेशीतले रंगकण पसरले की कातडी गडद होते, आकसले की फिकी पडते.

पोहत जाऊन पाठलाग करणं त्याच्या स्वभावात नाही. तो तळाला बसून राहतो. शिकार मुख्यतः रात्री. अंधारात डोळ्यांपेक्षा कुशीवरची संवेदनरेषा अधिक कामाला येते. जवळून सरकणाऱ्या खेकड्यामुळे पाण्यात उठलेली थरथर तिला कळते. भक्ष्य टप्प्यात आलं की जबडा झपकन उघडतो आणि आत शिरणाऱ्या पाण्याबरोबर तेही ओढलं जातं. विषाचा इथे काही संबंध येत नाही.

विष आहे ते स्वतःच्या बचावासाठी, आणि हे मुद्दाम सांगायला हवं, कारण ‘विषारी’ म्हटलं की तो अंगावर धावून येईल अशी भीती वाटते. विंचू माशाच्या पाठीवर, पोटाखाली आणि शेपटीच्या अलीकडे काटे असतात. काट्याला खाच असते, खाचेत विषाच्या ग्रंथी, आणि वरून म्यानासारखं कातडीचं आवरण. विष ढकलणारा स्नायूच त्याच्याकडे नाही. कुणाचा पाय किंवा हात काट्यावर दाबला गेला, की काटा घुसताना आवरण मागे सरतं, ग्रंथी चेपल्या जातात आणि विष जखमेत उतरतं. जितका दाब जास्त, तितकं विष जास्त.

याच गटातला दगडमासा याहून घातक. अंदमान आणि लक्षद्वीपच्या समुद्रात तो आढळतो, आणि डायव्हिंगसाठी मराठी पर्यटक आता तिथे मोठ्या संख्येने जातात. दगडमाशाच्या विषावरचं प्रतिविष ऑस्ट्रेलियात १९५९ मध्ये तयार झालं. त्याच्या दंशाने मृत्यू क्वचितच होतो, वेदना मात्र भयंकर असतात.

या विषातले घटक प्रथिनांचे असतात आणि उष्णतेने बिघडतात. म्हणूनच घरातलं गरम पाणी इथे औषध ठरतं. जखमेचा भाग सोसवेल इतक्या, पण ४५ अंश सेल्सियसपेक्षा जास्त नसलेल्या पाण्यात ३० ते ९० मिनिटं बुडवून ठेवावा. पाणी किती गरम आहे ते दुखावलेल्या पायाने पाहू नये. बधिर झालेल्या पायाला चटका कळत नाही. चांगल्या हाताने तपासावं. कोकणात शिंगाळ्याचा किंवा पाकटाचा काटा लागला तरी हाच उपाय लागू पडतो. जखम कापणं, चोखणं, वर करकचून दोरी आवळणं, हे प्रकार करूच नयेत. काट्याचा तुकडा आत राहू शकतो आणि जखम चिघळू शकते, तेव्हा त्यानंतर डॉक्टरांकडे जाणं चुकवू नका.

खडकाळ किंवा प्रवाळाच्या उथळ पाण्यात उतरताना जाड तळाचे बूट घाला आणि तळावरचा कुठलाही सुंदर दगड हाताने उचलू नका.