बादली सरळ का जात नाही?

घरातला स्टीलचा पेला घ्या. वर रुंद आणि बुडाशी निमुळता असतो ना, तसला. (आधी रिकामा करा, नाहीतर आई माझ्या नावानं ओरडेल.) फरशीवर आडवा ठेवा आणि हळूच ढकला. गेला सरळ? छे! गोल वळसा घेऊन निघाला. कारण एका गिरकीत रुंद तोंड जास्त अंतर कापतं आणि बारकं बूड कमी. मग स्वारी बुडाच्या बाजूला वळणारच.

आता पेल्याच्या जागी बादली धरा. तीही फुटकी, वर पाऊस आणि चिखल. आणि ती पायानं खेळवायची!

२००१ च्या सुमारास नागपुरातल्या वस्तीतली काही पोरं हेच करत होती. हिस्लॉप कॉलेजचे क्रीडाशिक्षक विजय बारसे ते बघून थबकले. आडवीतिडवी पळणारी बादली ज्यांच्या पायाचं ऐकते, त्यांच्यापुढे गोल चेंडू आला तर? त्यातून ‘झोपडपट्टी फुटबॉल’ उभा राहिला. आज तो उपक्रम चालवणाऱ्या संस्थेला ‘स्लम सॉकर’ म्हणतात. २०१६ मध्ये तिला फिफाचा पुरस्कार मिळाला. २०२२ चा ‘झुंड’ सिनेमा पाहिलाय? त्यातले अमिताभ बच्चन म्हणजे आपले बारसे सरच की!

या संस्थेतून निवडलेली मुलं थेट बेघरांच्या विश्वचषकात खेळतात. हो, असा विश्वचषक आहे! पहिला २००३ साली ऑस्ट्रियातल्या ग्रात्स शहरात झाला, १८ देश आले होते. त्याचं मैदान मात्र इवलंसं, २२ मीटर लांब आणि १६ मीटर रुंद. एका संघाचे चारच जण मैदानात. सात मिनिटं, थोडी विश्रांती, पुन्हा सात मिनिटं, खेळ खलास.

एवढंसं का? वही काढा. मोठं मैदान १०५ गुणिले ६८, म्हणजे ७१४० चौरस मीटर. भागिले २२ खेळाडू. एकाच्या वाट्याला सुमारे ३२५. छोटं मैदान ३५२ चौरस मीटर, भागिले आठ. एकाला फक्त ४४! सातव्या हिश्श्याहूनही कमी. मोठ्या मैदानात कोपरा धरून उभं राहता येतं, तुमच्याकडे चेंडू आला नाही तरी चालून जातं. इथे लपायला जागाच नाही. कडेला फळ्या असतात, त्यांवर आपटून चेंडू कॅरमच्या सोंगटीसारखा परत येतो. शिवाय प्रत्येक संघाचा एक जण कायम समोरच्यांच्या अर्ध्या भागात थांबलाच पाहिजे. मग गोल वाचवायला गोलरक्षक आणि दोघंच उरतात. गोलांचा नुसता पाऊस!

पण बेघरांसाठी हा खेळच का? नांदेडला गुरुद्वाऱ्याच्या लंगरात कुणीही पंगतीला बसू शकतं. पोट भरतं. पण शेजारी बसलेला आपल्या ताटाकडे बघतो. फलाटावर झोपणाऱ्या माणसाला तर दिवसभरात कुणी नावानं हाक मारत नाही. या मैदानात दहा सेकंदांत कुणीतरी ओरडतंच, “अरे, इकडे दे!”

मला सगळ्यांत आवडलेला नियम वेगळाच आहे. या विश्वचषकात खेळाडू आयुष्यात एकदाच खेळतो. कितीही भारी असो, कप्तान असो, पुढच्या वर्षी त्याची जागा दुसऱ्या कुणाची.

सुट्टीत तुम्हीही २२ आणि १६ मीटर मोजून फक्की मारा. फळ्या नसतील तर कुंपणाच्या भिंतीलगत खेळा. आठ भिडू जमले नाहीत तर? नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावच्या जत्रेला निघालेले लोक आपल्या गावाबाहेर पाल ठोकून उतरतात ना, तिकडे एक हाक मारा. पण त्यांच्यातलं कुणी बादली खेळवत असेल, तर जरा सांभाळून. त्याला आधी आपल्याच संघात घ्या.