विद्यापीठाच्या क्रीडांगणावरील एक आदर्श : बिल ब्रॅडले

विद्यार्थ्याने खेळावे की अभ्यास करावा, हा प्रश्न पालक आणि शिक्षक यांच्यासमोर वारंवार उभा राहतो. खेळात रमलेला मुलगा अभ्यासात मागे पडणार, आणि अभ्यासू मुलाने क्रीडांगणाकडे न फिरकलेलेच बरे, अशी समजूत आपल्याकडे रूढ आहे. अमेरिकेत प्रश्न वेगळ्या स्वरूपात उभा राहतो. तेथील विद्यापीठांच्या संघांचे सामने पाहण्यास हजारो प्रेक्षक येतात. त्यामुळे उत्तम खेळाडू आपल्याकडे ओढण्यासाठी विद्यापीठे शिष्यवृत्त्या देऊ करतात, आणि विद्यार्थी हा आधी खेळाडू आणि मग विद्यार्थी होऊन बसण्याचा धोका निर्माण होतो. या पार्श्वभूमीवर १९६२ ते १९६५ या काळात प्रिन्स्टन विद्यापीठाकडून बास्केटबॉल खेळलेले बिल ब्रॅडले यांची कारकीर्द आजही अभ्यासण्याजोगी आहे. महाविद्यालयीन बास्केटबॉलमधील सर्वश्रेष्ठ फॉरवर्डांमध्ये त्यांची गणना होते. ही थोरवी त्यांनी ग्रंथालयाकडे पाठ फिरवून मिळविलेली नाही, हे तिचे वैशिष्ट्य होय.

खेळ आणि खेळाडूचे स्थान

बास्केटबॉल हा खेळ १८९१ साली अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथे जेम्स नेस्मिथ या शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकाने शोधून काढला. हिवाळ्यात विद्यार्थ्यांना बंदिस्त जागेत खेळता यावे, हा त्याचा मूळ हेतू होता. जमिनीपासून दहा फूट उंचीवर बसविलेल्या कड्यातून चेंडू टाकावयाचा, असे या खेळाचे सोपे सूत्र आहे. प्रत्येक संघात पाच खेळाडू मैदानावर असतात. रूढ रचनेप्रमाणे त्यांतील दोन गार्ड, दोन फॉरवर्ड आणि एक सेंटर. गार्डने चेंडू पुढे आणावयाचा, उंच सेंटरने कड्याजवळ ठाण मांडावयाचे, आणि फॉरवर्डने या दोहोंच्या मध्ये राहून बाजूने चढाई करावयाची. दुरून नेम धरणे, आत घुसणे, कड्यावर आपटून परतलेला चेंडू झेलणे आणि मोकळ्या सहकाऱ्याकडे तो अचूक पोहोचविणे, ही सर्व कामे फॉरवर्डला करावी लागतात. यांपैकी एखादेच कौशल्य असलेला खेळाडू या जागी फार काळ टिकत नाही.

छोट्या गावातील बालपण

विल्यम वॉरन ब्रॅडले यांचा जन्म २८ जुलै १९४३ रोजी मिसूरी राज्यातील क्रिस्टल सिटी या गावी झाला. मिसिसिपी नदीच्या काठचे हे गाव काचेच्या कारखान्यासाठी ओळखले जाई. त्यांचे वडील गावातील बँकेचे अध्यक्ष होते, तर आई पूर्वी शिक्षिका होती. घरात एकुलते एक मूल असल्याने खेळण्यास भावंडे नव्हती. शाळेच्या व्यायामशाळेत एकट्याने सराव करण्याची सवय त्यांना लहानपणीच लागली.

त्या सरावाची रीत शिक्षकांनी लक्षपूर्वक पाहण्यासारखी आहे. शाळा सुटल्यावर रोज साडेतीन तास, शनिवारी दिवसभर आणि रविवारी दुपारी, असा त्यांचा क्रम असे. पायांत बळ यावे म्हणून ते बुटांत शिशाचे वजन घालीत. प्रतिस्पर्धी नसल्यामुळे ते मैदानावर खुर्च्या मांडीत आणि त्यांच्यामधून वाट काढीत चेंडू आपटत नेत. चेंडूकडे न पाहता तो हाताळता यावा यासाठी त्यांनी चष्म्याच्या चौकटीखाली पुठ्ठा लावला होता. त्यामुळे खालचे काही दिसत नसे. नेमाचा सराव करताना एका जागेवरून तेरा फेकींपैकी दहा कड्यातून गेल्याखेरीज ते दुसऱ्या जागेकडे वळत नसत. या साऱ्यासाठी महागडे साहित्य लागले नाही. चार खुर्च्या, पुठ्ठ्याचा तुकडा आणि स्वतःला घालून दिलेला नियम, एवढ्यावर हे शिक्षण झाले.

माध्यमिक शाळेच्या कारकीर्दीत त्यांनी ३,०६८ गुण मिळविले आणि सुमारे पंचाहत्तर विद्यापीठांनी त्यांना शिष्यवृत्ती देऊ केली.

शिष्यवृत्तीविना प्रिन्स्टनकडे

ब्रॅडले यांनी प्रथम उत्तर कॅरोलायनातील ड्यूक विद्यापीठाची निवड केली होती. परंतु १९६१ च्या उन्हाळ्यात बेसबॉल खेळताना त्यांच्या पायाचे हाड मोडले. खेळ कायमचा सुटला तर आपल्याजवळ काय उरेल, हा विचार त्या सक्तीच्या विश्रांतीत त्यांच्या मनात आला. त्यांनी आपला निर्णय बदलला आणि न्यू जर्सीतील प्रिन्स्टन विद्यापीठात प्रवेश घेतला.

प्रिन्स्टन हे आयव्ही लीग या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आठ शिक्षणसंस्थांपैकी एक होय. खेळातील प्राविण्याबद्दल शिष्यवृत्ती द्यावयाची नाही, असा या संस्थांचा नियम आहे. आर्थिक मदत दिली जाते ती गरज पाहून. त्यामुळे ब्रॅडले यांच्या शिक्षणाचा खर्च त्यांच्या कुटुंबाने सोसला. येथे एक गोष्ट प्रांजळपणे नमूद केली पाहिजे. बँकेच्या अध्यक्षाच्या मुलाला शिष्यवृत्ती नाकारणे परवडले. गरीब घरातील गुणी खेळाडूला, विशेषतः त्या काळातील कृष्णवर्णीय तरुणाला, ती शिष्यवृत्ती हाच उच्च शिक्षणाचा एकमेव दरवाजा असू शकत होता. म्हणून ब्रॅडले यांच्या उदाहरणावरून शिष्यवृत्त्यांनाच दोष देणे योग्य ठरणार नाही. शिष्यवृत्ती मिळालेल्या विद्यार्थ्याला प्रत्यक्षात शिक्षण मिळते की नाही, हा खरा प्रश्न आहे.

तीन हंगामांची कामगिरी

त्या वेळच्या नियमानुसार पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना विद्यापीठाच्या मुख्य संघात खेळता येत नसे. त्यामुळे ब्रॅडले यांना तीनच हंगाम मिळाले. दुरून टाकलेल्या चेंडूला तीन गुण देण्याची पद्धतही तेव्हा नव्हती. मैदानातील प्रत्येक यशस्वी फेकीला दोन आणि दंडाच्या मोकळ्या फेकीला एक गुण मिळे. अशा परिस्थितीत त्यांनी पहिल्या हंगामात सामन्यामागे सरासरी २७.३, दुसऱ्यात ३२.३ आणि तिसऱ्यात ३०.५ गुण मिळविले. ८३ सामन्यांत २,५०३ गुण, म्हणजे सरासरी ३०.२, अशी ही एकूण नोंद आहे. १९६२-६३ च्या हंगामात मोकळ्या फेकींतील ८९.३ टक्के यशामुळे ते देशात पहिले आले. तिन्ही वर्षे प्रिन्स्टनने आयव्ही लीगचे अजिंक्यपद पटकाविले.

त्यांची उंची सहा फूट पाच इंच होती. बास्केटबॉलच्या मानाने ती असामान्य नव्हे. उडी आणि वेग या बाबतींतही त्यांच्याहून सरस खेळाडू अनेक होते. त्यांचे बळ होते ते मैदानावर आपण नेमके कोठे आहोत याच्या अचूक जाणिवेत. जॉन मॅकफी या लेखकाने त्यांच्यावर १९६५ साली लिहिलेल्या पुस्तकात एक प्रसंग नोंदविला आहे. एका अनोळखी व्यायामशाळेत सराव करताना ब्रॅडले यांचे काही नेम लागोपाठ चुकले. कडे सुमारे दीड इंच खाली बसले आहे, असे ते म्हणाले. पुढे मॅकफी यांनी पट्टी घेऊन मोजले, तेव्हा कडे खरोखरच सव्वा इंचाहून किंचित कमी, म्हणजे एक पूर्णांक एक अष्टमांश इंच, खाली असल्याचे आढळले.

१९६४ साली टोकियो येथे झालेल्या ऑलिंपिक सामन्यांत ब्रॅडले अमेरिकेच्या संघात होते. अंतिम सामन्यात सोव्हिएत संघाला ७३-५९ असे हरवून अमेरिकेने सुवर्णपदक मिळविले.

एक पराभव आणि एक विक्रम

डिसेंबर १९६४ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये प्रिन्स्टनची गाठ मिशिगन विद्यापीठाच्या बलाढ्य संघाशी पडली. मिशिगनकडे कॅझी रसेल हा अत्यंत कसलेला खेळाडू होता. ब्रॅडले यांनी एकट्याने ४१ गुण मिळविले आणि सामना संपण्यास ४ मिनिटे ३७ सेकंद उरली असता प्रिन्स्टन ७५-६३ असे पुढे होते. त्याच वेळी पाचवा नियमभंग नोंदला गेल्यामुळे ब्रॅडले यांना मैदान सोडावे लागले. उरलेल्या वेळात मिशिगनने १७ गुण मिळविले, तर प्रिन्स्टनला केवळ ३. अखेरच्या क्षणी रसेल यांनी टाकलेल्या चेंडूने मिशिगनने सामना ८०-७८ असा जिंकला. एका खेळाडूवर संघ किती अवलंबून होता हे या आकड्यांवरून दिसते. आणि ती संघाची दुर्बलताही होती, हेही त्यांतूनच दिसते.

पुढील तीन महिन्यांत ही दुर्बलता बरीचशी भरून निघाली. मार्च १९६५ मध्ये राष्ट्रीय स्पर्धेत प्रिन्स्टनने प्रॉव्हिडन्सच्या संघाला १०९-६९ असे नमवून अखेरच्या चार संघांत स्थान मिळविले. खेळाडूंना शिष्यवृत्त्या न देणाऱ्या विद्यापीठाने येथवर मजल मारावी, ही असाधारण गोष्ट होती. ऑरेगॉन राज्यातील पोर्टलंड येथे झालेल्या उपान्त्य सामन्यात पुन्हा मिशिगननेच त्यांना ९३-७६ असे हरविले. तिसऱ्या क्रमांकासाठी विचिटा स्टेट विद्यापीठाशी सामना झाला, त्यात प्रिन्स्टनने ११८-८२ असा विजय मिळविला. ब्रॅडले यांनी २९ पैकी २२ फेकी आणि १५ पैकी १४ मोकळ्या फेकी यशस्वी करून ५८ गुण नोंदविले. सामना हातात आल्यावर ते नेहमीप्रमाणे सहकाऱ्यांकडे चेंडू देऊ लागले, तेव्हा सहकारी तो परत त्यांच्याकडेच पाठवू लागले आणि प्रशिक्षक व्हॅन ब्रेडा कोल्फ यांनीही त्यांना स्वतः नेम धरण्यास सांगितले. राष्ट्रीय स्पर्धेतील एका सामन्यातील सर्वाधिक गुणांचा हा विक्रम १९७० साली नोत्र दाम विद्यापीठाच्या ऑस्टिन कार यांनी ६१ गुण मिळवून मोडला. संघ तिसरा येऊनही स्पर्धेतील सर्वोत्कृष्ट खेळाडूचा मान ब्रॅडले यांना देण्यात आला. अमेरिकेतील हौशी क्रीडापटूंना दिला जाणारा सलिव्हन पुरस्कारही त्यांना १९६५ सालासाठी मिळाला. हा पुरस्कार मिळविणारे ते पहिलेच बास्केटबॉल खेळाडू होते.

अभ्यासाची बाजू

पहिल्या वर्षी अभ्यास त्यांना जड गेला होता. परंतु सरावाला लावलेली शिस्त त्यांनी अभ्यासालाही लावली आणि इतिहास हा विषय घेऊन उच्च श्रेणीत पदवी संपादन केली. हॅरी ट्रुमन यांनी १९४० साली मिसूरीतून लढविलेली सिनेटची निवडणूक, हा त्यांच्या प्रबंधाचा विषय होता. १९६४ च्या उन्हाळ्यात ते वॉशिंग्टन येथे उमेदवारी करीत असताना नागरी हक्कांचा ऐतिहासिक कायदा सिनेटमध्ये संमत झाला. तो प्रसंग त्यांनी प्रत्यक्ष पाहिला आणि सार्वजनिक जीवनाकडे वळण्याचा विचार तेथेच रुजला, असे त्यांनी पुढे सांगितले आहे.

पदवीनंतर न्यूयॉर्क निक्स या व्यावसायिक संघाचे निमंत्रण बाजूस ठेवून ते र्‍होड्स शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्डला गेले. तेथून ते इटलीतील मिलान येथे जाऊन सामने खेळत. त्या संघाने १९६६ साली युरोपीय चषक जिंकला.

सरासरी घटली, संघ जिंकला

डिसेंबर १९६७ मध्ये ते निक्स संघातून खेळू लागले. सुरुवातीस त्यांना गार्डच्या जागी खेळविण्यात आले, पण तेथे त्यांचा वेग कमी पडला. ते फॉरवर्डच्या जागी आले तेव्हा त्यांचा खेळ पुन्हा बहरला. जुने प्रतिस्पर्धी कॅझी रसेल आता त्यांचे सहकारी होते, आणि १९७० साली निक्सने अजिंक्यपद मिळविले तेव्हा दोघेही त्या संघात होते. १९७३ साली निक्सने पुन्हा अजिंक्यपद जिंकले. ७४२ सामन्यांत ९,२१७ गुण, म्हणजे सरासरी १२.४, अशी ब्रॅडले यांची व्यावसायिक नोंद आहे. विद्यापीठातील सरासरीच्या निम्म्याहूनही ती कमी. तथापि विद्यापीठात न लाभलेले राष्ट्रीय अजिंक्यपद येथे दोनदा लाभले. चेंडू नसताना सतत धावून जागा मोकळी करणे आणि योग्य क्षणी तो दुसऱ्याच्या हाती देणे, या कामाची नोंद गुणफलकावर होत नाही. १९८३ साली नेस्मिथ स्मृती क्रीडागौरव दालनात त्यांचा समावेश झाला.

१९७७ साली ते निवृत्त झाले आणि पुढच्याच वर्षी न्यू जर्सीतून सिनेटवर निवडून आले. जानेवारी १९७९ ते जानेवारी १९९७ अशी अठरा वर्षे ते सिनेटचे सदस्य होते. प्राप्तिकराचे दर कमी करून सवलतींची जाळी छाटणारा १९८६ चा करसुधारणा कायदा घडवून आणण्यात त्यांचा मोठा वाटा होता. २००० सालच्या अध्यक्षीय निवडणुकीसाठी डेमोक्रॅटिक पक्षाची उमेदवारी मिळविण्याचा त्यांचा प्रयत्न मात्र यशस्वी झाला नाही.

या कारकिर्दीचा बोध

प्रत्येक खेळाडू विद्वान व्हावा किंवा प्रत्येक विद्यार्थी विक्रमवीर व्हावा, अशी अपेक्षा ब्रॅडले यांच्या उदाहरणावरून करणे चुकीचे ठरेल. मात्र त्यांतून दोन गोष्टी निश्चित घेता येतात. पहिली अशी की, तेरातील दहा फेकी साधेपर्यंत जागा न सोडण्याची सवय आणि कठीण वाटणारा विषय समजेपर्यंत पुस्तक न मिटण्याची सवय या एकाच वृत्तीच्या दोन बाजू आहेत. शाळेच्या वेळापत्रकात त्यांना एकमेकींच्या विरुद्ध उभे करण्याचे कारण नाही. दुसरी गोष्ट खेळाडूच्या भवितव्याची. क्रीडांगणावरील आयुष्य थोड्या वर्षांचे असते आणि एखादी दुखापत ते एका दिवसात संपवू शकते. अठराव्या वर्षी पाय मोडला तेव्हा ब्रॅडले यांना हे उमगले. खेळात चमकणाऱ्या मुलामुलींच्या शिक्षणाची तजवीज अशा दुखापतीची वाट न पाहता करणे, ही मात्र त्यांच्या शिक्षकांची, पालकांची आणि गावाची जबाबदारी होय.