कापड उलटं करून पाहिलंय कधी?

7 ऑगस्ट म्हणजे राष्ट्रीय हातमाग दिन. 1905 साली याच तारखेला कोलकात्यात स्वदेशीची हाक दिली गेली, म्हणून 2015 पासून हा दिवस साजरा होतो. कॉलेजात त्या दिवशी काय होतं ते आपल्याला पाठ आहे. साडी डे, आईच्या कपाटातली पैठणी, पायऱ्यांवर ग्रुप फोटो आणि स्टोरीला मोराचा इमोजी. संपला हातमाग दिन!

यंदा फोटो काढून झाला की एक काम करा. पदर उलटा करून बघा.

खऱ्या हातमागाच्या पैठणीचा पदर दोन्ही बाजूंनी जवळपास सारखाच दिसतो. कारण त्यातला मोर कापडावर नंतर काढलेला नसतो, तो कापडाबरोबरच विणला जातो. प्रत्येक रंगाची छोटी कांडी वेगळी. विणकर हाताने एक रंग जिथे संपतो तिथेच दुसऱ्या रंगात अडकवतो. एका ओळीत जितके रंग बदलतील, तितक्या वेळा हात थांबतो. म्हणून भरजरी पदराच्या साडीला महिनोन्‌महिने लागतात. मागच्या बाजूला कापलेल्या धाग्यांची पिंजण दिसली, तर ते काम बहुधा यंत्राचं आहे असं समजा. यंत्राची साडी नेसण्यात काहीच वाईट नाही. पण ती हातमागाची म्हणून, हातमागाच्या भावात विकली जात असेल, तर फसवणूक फक्त गिऱ्हाईकाची होत नाही.

आता आपल्या शहराचं हिमरू घ्या. इथे उलटी बाजू वेगळीच गोष्ट सांगते. हिमरूत उभे धागे सुती, आणि नक्षीसाठी आडवे जादा धागे रेशमाचे. नक्षीत नको असतील तेव्हा हे धागे मागच्या बाजूला सैल सुटलेले राहतात. त्यांचाच एक मऊ थर तयार होतो आणि म्हणून हिमरूची शाल ऊबदार लागते. 1327 मध्ये मुहम्मद बिन तुघलकाने राजधानी दिल्लीहून देवगिरीला, म्हणजे दौलताबादला आणली, तेव्हा विणकरही सोबत आले आणि इथेच राहिले, असं सांगतात. जाफर गेट, नवाबपुरा हे भाग आजही हिमरूसाठी ओळखले जातात. आपण तिथून रोज टू-व्हीलरवर जातो, थांबत मात्र नाही.

इंजिनीअरिंगवाल्यांनी तर आवर्जून थांबावं. पूर्वी नक्षीच्या मागावर दोघं लागायचे. एक विणायचा आणि दुसरा नक्षीप्रमाणे दोऱ्या ओढून धागे वर उचलायचा. फ्रान्समध्ये 1804 च्या सुमारास जोसेफ मारी जॅकार्डने या दुसऱ्या माणसाच्या जागी पुठ्ठ्याची कार्डं बसवली. भोक असेल तर धागा वर, नसेल तर खाली. म्हणजे एक आणि शून्यच की! पुढे चार्ल्स बॅबेजने आपल्या गणनयंत्राच्या आराखड्यासाठी हीच कार्डांची कल्पना उचलली. आपण ज्या कोडिंगसाठी रात्री जागतो, त्याचा एक पूर्वज मागावर बसलेला आहे.

बँक चालवणारे विणकर

परदेशात अनेक शहरांत विणणाऱ्या, सूत कातणाऱ्या, रंगवणाऱ्या लोकांचे 'गिल्ड' असतात. महिन्याला एक व्याख्यान, एखादं वर्कशॉप, कुणीतरी शिकवणार, बाकीचे शिकणार. लंडनच्या विणकर गिल्डची राजसनद 1155 ची आहे. हे वाचून 'आपल्याकडे असं काही नव्हतं' असं वाटत असेल, तर नाशिकच्या पांडवलेण्यात जा.

तिथल्या दहाव्या लेण्यात सुमारे 1900 वर्षांपूर्वीचा एक शिलालेख आहे. क्षत्रप राजा नहपान, ज्याला पुढे पैठणच्या सातवाहनांनी हरवलं, त्याचा जावई उषवदात याने भिक्षूंसाठी 3000 नाणी कायमची ठेव म्हणून ठेवली. कुठे ठेवली? विणकरांच्या दोन संघांकडे! एकाकडे 2000, महिना एक टक्का व्याजाने. दुसऱ्याकडे 1000, महिना पाऊण टक्क्याने. पहिल्या ठेवीच्या व्याजातून 20 भिक्षूंना वस्त्रांसाठी दरवर्षी प्रत्येकी 12 नाणी द्यायची. हिशेब करून बघा: 2000 चं वर्षाचं व्याज 240 आणि 20 गुणिले 12 बरोबर 240. चोख!

राजाच्या जावयाने पैसे विणकरांकडे ठेवले, कारण आपण गेल्यावरही हा संघ राहील आणि व्याज देत राहील, याची त्याला खात्री होती. त्याच सुमाराच्या 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासग्रंथात पैठण आणि तगर, म्हणजे धाराशिव जिल्ह्यातलं तेर, या दोन्ही बाजारपेठांची नावं आहेत. तगरचं साधं कापड आणि तलम मलमल गाड्यांतून भडोच बंदरापर्यंत जायची, अशी नोंद त्यात आहे.

आणि आज? ज्यांच्याकडे लोक ठेवी ठेवायचे, त्याच कामातल्या माणसाला आता कर्ज मिळवायला खेटे घालावे लागतात. ही विद्या बहुतेक घरातल्या घरातच राहिली, बापाकडून मुलाकडे, आईकडून मुलीकडे. पुढच्या पिढीने वाळूज किंवा शेंद्र्याच्या कंपनीत नोकरी धरली की त्या घरातला माग थांबतो. त्या मुलांना दोष कसा देणार? तिथे पगाराची तारीख ठरलेली असते. मागावर ती साडी विकली जाईपर्यंत ठरत नाही.

म्हणून व्याख्यानं आणि वर्कशॉप महत्त्वाची. पण एक फरक लक्षात ठेवायला हवा. तिकडच्या गिल्डमध्ये येणारे बरेचजण छंद म्हणून येतात. आपल्याकडे शिकवणाऱ्याचं घर त्यावर चालतं. विणकर दोन तास आपल्याला शिकवतो, तेव्हा त्याचा माग दोन तास बंद असतो. शाल, श्रीफळ आणि टाळ्यांनी ती मजुरी भरून निघत नाही. कॉलेजच्या फेस्टमध्ये डीजेचं मानधन आधी ठरतं. विणकराचंही तसंच ठरायला हवं.

शिकणाऱ्याला यातून काय मिळतं? एका वर्कशॉपमध्ये कुणी विणकर होत नाही. पण धोटा इकडून तिकडे टाकताना चार बोटं कापड व्हायला किती वेळ लागतो ते हाताला कळतं. मग दुकानात 'एवढी महाग का?' हा प्रश्न विचारताना जीभ जरा अडखळते. कुणी डिझाइन शिकत असतं, कुणी अकाउंट्स, कुणी रील्समध्ये मास्टर असतं. विणकराला नवी नक्षी, हिशेब आणि थेट गिऱ्हाईक या तिन्ही गोष्टी हव्याच आहेत.

कॉलेजात वर्कशॉप ठेवताय? मग एवढं करा

* मानधन आधी ठरवा आणि त्याच दिवशी द्या. प्रवासखर्च वेगळा.
* भाषणाआधी माग दाखवा. माग आणणं शक्य नसेल तर तुम्हीच जा. पैठण शहरापासून पन्नासेक किलोमीटरवर आहे.
* बॅच छोटी ठेवा. दोनशे जणांत धागा कुणाच्याच हाताला लागत नाही.
* व्हिडिओ काढण्याआधी विचारा. नक्षी ही त्यांची मेहनत आहे.
* प्रश्न तयार ठेवा: एक साडी किती दिवसांची? रेशीम आणि जर कुठून येते? हाती किती उरतात?
* खरेदी करताना हँडलूम मार्क आणि सिल्क मार्क बघा, आणि विणणाऱ्याचं नाव विचारून घ्या. पुढच्या वर्षीच्या 7 ऑगस्टला साडीचा फोटो टाकाल, तेव्हा त्यांची परवानगी घेऊन ते नावही कॅप्शनमध्ये लिहा.